आधी पाण्याला विचार

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी फक्त पाणी तपासलं. साधं, शुद्ध केलेलं पाणी. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली बाई मी. नवऱ्याच्या नोकरीपायी डिपेन्डंट म्हणून नेदरलँड्सला आले, आल्मेरेच्या घरात पोळ्या लाटण्यात आणि लेकीला सायकलवरून शाळेत सोडण्यात वर्षं घालवली, आणि मग कशीबशी स्लोटरडाइकच्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. मला वाटलं, आता आपण काहीतरी जगाच्या उपयोगाचं करणार. कसलं डोंबलाचं! तिथली एक चिनी बाई रोज सकाळी माझ्या हातात पाण्याची नळी द्यायची आणि म्हणायची, "हे विषाणूला थांबवतं का बघ." मी म्हटलं, "पाणी कसं थांबवेल?" ती म्हणाली, "म्हणूनच बघ."

ती लानताई. आमच्या लॅबमध्ये सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, साहेबालासुद्धा. पण माझ्या थोरल्या बहिणीपेक्षाही मोठ्या बाईला नुसतं 'लान' म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी मागे 'ताई' जोडलं. तिनं अर्थ विचारला, मी सांगितला, आणि तो तिला फार आवडला. मग तिनंही माझ्या वैशालीचं 'शाओ वै' करून टाकलं. शाओ म्हणजे धाकटी. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तेही दोघींचं आपापल्या गावचं इंग्रजी. पण मला ती आठवते ती मराठीतच, आणि एकेरीत.

आमचं काम सांगायला सोपं आहे. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये छोटी छोटी घरं असतात. प्रत्येक घरात जिवंत पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर विषाणू सोडायचा, आणि दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. जिथे विषाणूनं पेशी खाल्ल्या तिथे रंग बसत नाही, पांढरी भोकं दिसतात. आंबोळीला जाळी पडते ना, अगदी तशी. आता विषाणूबरोबर एखादं औषध घातलं आणि जाळी पडली नाही, तर औषधात काहीतरी दम आहे म्हणायचं. करोनाच्या साथीनंतर आमच्याकडे जंतुनाशकं, कापड, भिंतीचे रंग असं काय काय तपासायला येऊ लागलं, आणि सगळ्यात जास्त आल्या त्या चिनी वनौषधी. मुळ्या, साली, वाळलेली फुलं. ते सगळं लानताईच्या टेबलावर जायचं. त्या मोठ्या विषाणूला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. त्याच्याच भाऊबंदांतला एक सर्दीचा गरीब विषाणू आम्ही वापरायचो.

आणि पाण्याचं काम काय? तर पाण्यानं काहीच करायचं नसतं. प्रत्येक प्लेटमध्ये औषधाशेजारी काही घरांत औषधाऐवजी पाणी घालायचं, आणि तिथे जाळी पडलीच पाहिजे. नाही पडली, तर चूक तुमच्या हाताची. माझ्या पाण्यानं पहिल्या आठवड्यात भराभर विषाणू थांबवले. लानताईनं प्लेट उजेडात धरली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "अभिनंदन शाओ वै. आता बाटल्या भर आणि विकायला काढ." मी लालबुंद झाले. मग ती दिवसभर माझ्या मागे उभी राहिली आणि संध्याकाळी तिनं दाखवून दिलं, की मी गप्पांच्या नादात विषाणूची नळी बर्फाबाहेर ठेवते आणि तो बिचारा तिथेच मरून जातो.

तेव्हापासून तिचं ते वाक्य माझ्या कानात बसलंय. कुणी उड्या मारत प्लेट घेऊन आलं, की ती आपला चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "आधी पाण्याला विचार."

दिसायला ती एवढीशी. केस स्वतःच आरशासमोर कापलेले, त्यामुळे एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा वर. बारा महिने तेच राखाडी स्वेटर आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. उन्हाळ्यात अख्खं ऑफिस घामानं निथळत असायचं तेव्हाही ही फुंकर मारत गरम पाणी प्यायची. "थंड पाणी म्हणजे पोटाला शिक्षा," म्हणायची. दुपारी कॅन्टीनमध्ये आमचे डच लोक चीजच्या पावाबरोबर फ्रीजमधलं दूध घटाघटा पीत, तेव्हा ती चक्क पाठ फिरवून बसायची. ती डीमनला एकटी राहायची. नवरा केव्हाच वेगळा झालेला, मूलबाळ नव्हतं. माझी आल्मेरेची ट्रेन डीमनला थांबली, की ती ठरलेल्या डब्यात चढायची आणि मी पिशवी उचलून तिला जागा करून द्यायचे. बसल्या बसल्या माझ्या डब्याकडे बोट दाखवून विचारायची, "आज काय?" भरली वांगी असली तर लॅबला पोहोचेपर्यंत तिला दम निघायचा नाही.

एकदा तिला खोकला झाला. मी घरून सासूबाईंचा काढा करून नेला. आलं, लवंग, गवती चहा, तुळस, सगळं यथासांग. आणि बढाई मारली, की या काढ्यापुढे आमच्याकडे सर्दी उभी राहत नाही. ती घोट घोट प्यायली. तळाशी राहिलेला थोडा मात्र बाजूला ठेवला. पुढच्या सोमवारी माझ्यासमोर प्लेट! आमचा साहेब योरिस भला माणूस. प्लेटमध्ये जी घरं रिकामी राहतात ती आम्ही आमच्या हौसेसाठी वापरली तर त्याची ना नसायची. लानताई म्हणाली, "तुझ्या सासूबाईंचा काढा अगदी पाण्यासारखाच आहे. पण चव छान." मला असा राग आला म्हणून सांगू! पुढे तिनं विचारलं, "मग सासूबाईंना काय सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं, डच शास्त्रज्ञ चाट पडले." लानताई इतकी हसली, इतकी हसली, की स्लोटरडाइकच्या फलाटावर तिला बाकावर बसावं लागलं.

तिची दुसरी एक गोष्ट सांगते, म्हणजे ती कशी होती ते कळेल. एका कंपनीचा वनौषधींचा अर्क आला होता. पहिल्याच प्लेटमध्ये एकही भोक नाही. योरिस खूश, कंपनीचा माणूस फोनवर खूश. लानताईनं तीच प्लेट रंग घालण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवली होती. तेव्हाच तिनं मला बोलावून दाखवलं होतं. आत पेशी होत्या, पण सगळ्या आखडून गोल झालेल्या, जागच्या जागी मेलेल्या. अर्कानंच त्यांना मारलं होतं, विषाणूला खायला काही उरलंच नव्हतं. "मेलेल्याला सर्दी होत नाही, शाओ वै," ती म्हणाली. कंपनीच्या माणसानं फोनवर बराच आरडाओरडा केला. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या आईला द्याल का हे?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आईचं नाव तिच्या तोंडी का आलं, ते मला नंतर कळलं.

तिचे बाबा चीनमधल्या एका लहान गावात औषधांच्या दुकानात काम करायचे. वैद्याच्या चिठ्ठीप्रमाणे मुळ्या-सालींच्या पुड्या बांधायच्या, आणि ज्यांना घरी जमत नाही त्यांना तिथेच काढा उकळून द्यायचा. सगळा जन्म त्यात गेला. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात लानताईच्या आईला ताप आला. बाबांनी तिच्यासाठी स्वतः काढा केला, स्वतः चमच्यानं पाजला. आई म्हणायची, बरं वाटतंय. मग एका सकाळी तिला धाप लागली. तिला हॉस्पिटलात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. लानताई इथे डीमनमध्ये, विमानं बंद. आईला तिनं शेवटचं पाहिलं ते फोनवर.

त्यानंतर दर रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल. इकडचं तिकडचं बोलून झालं की म्हातारा एकच विचारायचा, "माझं चुकलं कुठं? कमी उकळलं का मी?" औषध चालतं की नाही ही शंका त्यांना नव्हतीच. ती शंका आपल्या हाताबद्दल होती. त्यांनी कुणालाही काढा करून देणं सोडलं होतं. जेवणखाणावर वासना नव्हती. आणि मग एका रविवारी ते म्हणाले, "तुझ्याकडे यंत्रं आहेत. तू लोकांची औषधं तपासतेस. माझं तपास."

"तपासलंस आणि काही निघालं नाही तर?" मी ट्रेनमध्ये तिला विचारलं.

"तर त्यांनी तिला आधीच हॉस्पिटलात न्यायला हवं होतं असं होईल," ती म्हणाली.

बाबांनी आईच्या काढ्याच्या यादीबरहुकूम औषधी पाठवल्या. लानताईनं त्या लॅबच्या काचेच्या भांड्यात उकळल्या, तपासल्या. निकाल पाण्यासारखा. रविवारी बाबा संतापले. काचेत? काचेत कुणी काढा करतं का? मातीचं भांडं लागतं! आणि लानताईची एक मामेबहीण इकडे येणार होती, तिच्या सामानात जाड जाकिटात गुंडाळून त्यांनी दुकानातलं ते भांडंच पाठवून दिलं.

ते भांडं बघायला मी डीमनला गेले. तपकिरी मातीचं, एका बाजूला मूठ, एका बाजूला चोच, आतून काळंकुळीट. मी उचलून वास घेतला. मुळं, धूर, ओली माती, सगळं एकत्र. "हे कधी साबणानं धुवायचं नसतं," लानताई म्हणाली. मी म्हटलं, "मला नको सांगू, माझ्या आईच्या बिडाच्या तव्याला साबण लावला असता तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं." तिनं काढा चढवला. घरभर तो कडू वास भरला. एकदा उकळून गाळला, मग पुन्हा पाणी घालून उकळला, आणि दोन्ही एकत्र केले. मग खाली राहिलेला चोथा तिनं एका वाडग्यात घेतला आणि मला म्हणाली, "चल खाली."

इमारतीच्या कोपऱ्यावर, लोक चालतात तिथेच तिनं तो चोथा ओतला. मी दचकलेच. आमच्याकडे तिठ्यावर कुणी उतारा टाकलेला असला की आई माझा दंड धरून मला लांबून न्यायची, "ओलांडू नकोस गं." मी लानताईला ते सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडेही काही लोक तसंच मानतात. येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवावा आणि रोग घेऊन जावा. पण बाबा म्हणतात, ते सगळं खोटं. चोथा रस्त्यावर टाकायचा तो एखाद्या जाणकारानं जाता जाता बघावा म्हणून. पुडी बांधताना काही चुकलं असेल, तर तो दार वाजवून सांगेल." तेवढ्यात शेजारची एक डच आजी कुत्र्याला घेऊन आली, चोथ्याकडे बघून म्हणाली, झाडांना खत घालताय का, छान! लानताई म्हणाली, "बघ, अजून जाणकार यायचाय."

त्या भांड्यातला काढा गाळून, निर्जंतुक करून शुक्रवारी प्लेटमध्ये घातला. सोमवारी मी आधी पोहोचले, रंग ओतला आणि किंचाळलेच. जांभळा थर अखंड. एक भोक नाही! रंगाआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या त्या पेशीही जिवंत, छान पसरलेल्या. शेजारच्या पाण्याच्या घरांत मात्र भरपूर जाळी. लानताईनं प्लेट पाहिली, खाली ठेवली, पुन्हा पाहिली. "पुन्हा करू," म्हणाली. या वेळी नळ्यांवर मी खुणा केल्या, म्हणजे कुठली काढ्याची आणि कुठली पाण्याची हे तिला माहीत नको. पुन्हा तेच. योरिससुद्धा येऊन बघून गेला आणि त्यानं ओठ पुढे काढून मान डोलावली. आमच्या साहेबाचं हे मोठंच कौतुक.

"आता कर बाबांना फोन!" मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. कोण कुठला तो म्हातारा, मी त्याला पाहिलंही नव्हतं, पण मला वाटत होतं, आज त्याची सुटका झाली.

लानताईनं चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाली, "पाण्याला विचारायचं राहिलं."

"अगं बाई, प्लेटमध्ये पाणी आहे की! जाळी पडलीय त्यात, बघ ना."

"ते लॅबचं पाणी. त्या भांड्यातलं पाणी कुठं विचारलंय?"

मला समजायला एक क्षण लागला. आणि समजलं तेव्हा मी अक्षरशः तिच्या हाताला धरलं. म्हटलं, नको. लानताई, हे नको करू. दोनदा आलंय ना बरोबर? आता थांब इथे. तिनं माझा हात हळूच सोडवला आणि थर्मासचं झाकण लावलं.

घरी तिनं त्या भांड्यात साधं पाणी उकळलं. एकही मुळी नाही, एकही साल नाही. जितका वेळ काढा उकळायचा, तितकाच वेळ. ते पाणी प्लेटमध्ये घातलं. सोमवारी मी मुद्दाम उशिरा गेले. ती प्लेट घेऊन खिडकीशी उभी होती. काढ्याच्या घरांत जाळी नव्हती. भांड्यातल्या पाण्याच्या घरांतही नव्हती.

जन्मभर त्या भांड्यात गावातल्या सगळ्या आजाऱ्यांचे काढे उकळले होते. साली, फळं, मुळ्या. कधी साबण लागला नव्हता. त्या सगळ्यांतलं तुरट द्रव्य, हिरडा चघळल्यावर तोंड आवळून येतं ना ते, मातीत मुरून बसलं होतं आणि उकळलं की बाहेर येत होतं. ते दिसेल त्याला चिकटतं. प्लेटमध्ये समोर विषाणू, म्हणून विषाणूला चिकटलं. माणसाच्या पोटात गेलं की ते जिभेला चिकटणार, घशाला चिकटणार, जेवणाला चिकटणार. छातीपर्यंत पोहोचणार नाही. लानताईनं मला हे सगळं नेहमीच्या आवाजात समजावून सांगितलं, जणू मी अजून पहिल्या महिन्यातच होते. मग हातमोजे काढले आणि कचऱ्यात टाकले.

संध्याकाळी ट्रेनमध्ये मी तिला म्हटलं, "त्यांना सांग ना, चाललं म्हणून. दोनदा चाललंच होतं. खोटंही नाही ते पुरतं. म्हातारा माणूस, त्याला काय करायचंय तुझं पाणी? मी नाही का सासूबाईंना सांगितलं?"

"तुझ्या सासूबाईंच्या काढ्यानं कुणी गेलं नाही, शाओ वै," ती म्हणाली. रागानं नाही. मला वाटलं, हिनं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "त्यांना वाटलं औषध खरं आहे, तर उद्या शेजारणीला ताप आला की ते तिला काढाच देतील." आणि डीमनला उतरताना दारात थांबून म्हणाली, "रविवारी तू ये. मी एकटी असले तर खोटं बोलेन."

रविवारी मी गेले. फोन टेबलावर थर्मासला टेकवून ठेवला होता. पडद्यावर लोकरीची टोपी घातलेला एक बारीक म्हातारा. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडल्यासारखे केले, मीही नमस्कार केला. मग लानताई बोलू लागली. मला शब्द कळत नव्हते, पण आधी तिनं काय काय सांगायचं ते ठरवून मला सांगितलं होतं. तुमचं उकळणं चुकलं नव्हतं. तुमचा हात चुकला नव्हता. पण औषधात काही नव्हतं. भांड्यात होतं, आणि तेही माणसाच्या कामाचं नाही.  मग बाबांनी एक छोटासा प्रश्न विचारला. लानताईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं, तिला आधीच हॉस्पिटलात न्यायला हवं होतं का, हाच तो प्रश्न. ती एकच शब्द बोलली.

बाबा उठून गेले. फोन चालूच होता. आम्ही दोघी एक रिकामी खुर्ची आणि तिच्यामागची भिंत बघत बसलो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फार वेळानं ते परत आले. बसले नाहीत, वाकून काहीतरी बोलले आणि कॉल बंद झाला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते भांडं आता साबणानं घास."

आम्ही ते घासलं. तिला हात लावता येईना म्हणून मी घासणी घेतली, पण दोनदा फिरवली असेल नसेल, तिनं ती माझ्याकडून काढून घेतली. "मीच करते." गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी. चहासारखं तपकिरी पाणी निघत राहिलं आणि घरभर तो कडू वास पसरला. ती रडत होती आणि घासत होती. मी नळाशेजारी उभी राहून रडत होते. शेवटी भांडं आतून मातीच्या रंगाचं झालं. कुठल्याही दुकानात मिळावं तसं.

त्यानंतर कित्येक रविवार बाबा नीट बोलले नाहीत. फोन उचलायचे, हवा कशी आहे सांगायचे, ठेवून द्यायचे. त्यांची शेजारीण सांगायची, चूलच पेटवत नाहीत, कुणीतरी दिलं तर खातात. एका सकाळी ट्रेनमध्ये लानताईनं मला विचारलं, "शाओ वै, मी बरोबर केलं ना?" इतक्या वर्षांत तिनं मला कधी काही असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत गं, ताई." ती मान हलवून म्हणाली, "मलाही."

मग तिचं पोट दुखू लागलं. स्वेटर अंगावर लोंबायला लागलं. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, हॉस्पिटलात पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या आणि पोटातली गाठ निघाली, ती पसरलेली होती. तिनं मला हे डीमन आणि मुइडरपोर्ट या दोन जवळच्या स्टेशनांच्या मध्ये सांगितलं, म्हणजे मला लांबवता येऊ नये. मी वेड्यासारखी म्हटलं, "पुन्हा तपासायला सांग." ती म्हणाली, "तपासलंय दोनदा. तेवढं मी त्यांना शिकवलं." काही उपचार इथे घेतले. पुढचे तिकडेही घेता येतील असं कळलं तेव्हा तिनं बाबांकडे जायचं ठरवलं. स्किपोल विमानतळावर मी तिला पोचवायला गेले. हातातल्या पिशवीत जाड जाकिटात गुंडाळलेलं ते भांडं होतं. मी डबा दिला, त्यात भरली वांगी. ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "नवीन मुलगी येईल माझ्या जागी. तिला आधी पाणी दे."

ती गेल्या हिवाळ्यात गेली. मामेबहिणीनं कळवलं. नवीन मुलगी आली आहे, हुशार आहे, आणि मी तिला पाणीच देते. ती माझ्यावर वैतागते. ट्रेन डीमनला थांबली की माझा हात अजून शेजारची पिशवी उचलायला जातो.

जायच्या थोडे दिवस आधी लानताईनं मला एक व्हॉइस मेसेज पाठवला होता. तो मी कुणाला ऐकवत नाही. आवाज अगदी बारीक आहे, मध्येमध्ये थांबून बोलते. म्हणते, "शाओ वै, बाबांना मीच म्हटलं, माझ्यासाठी काढा करा. ते म्हणाले, तूच तर सांगितलंस, त्यानं काही होत नाही. मी म्हटलं, हॉस्पिटलचं औषध हॉस्पिटलचं. हे तुमचं. सकाळपासून उकळतायत. चोथा टाकायला रस्त्यावर गेले ते किती वेळ आलेच नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर तिथेच उभे, कुणी जाणकार येतोय का बघत." मग एक घोट घेतल्याचा आवाज येतो. "पाणीच आहे, शाओ वै. साबणाची चव येते जराशी. पण गरम आहे."

मागून म्हाताऱ्याचा आवाज येतो, काहीतरी विचारतो. ती त्याला उत्तर देते, आणि मग मला सांगते, "बाबा विचारतायत, कमी उकळलं का. मी म्हटलं, नाही बाबा. बरोबर उकळलंय."